ओळंब्याचा गुडघा

माझे भाऊजी गवंडी. कामावरची माणसं त्यांना ओळंबा म्हणतात, कारण भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला टांगलेलं ते वजन आपल्याला लागतच नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत आहे. एक डोळा मिटतात आणि सांगतात, "वर बोटभर बाहेर गेलीय." आमच्याकडे आले की आधी भिंतीवरच्या फोटोची चौकट सरळ करतात आणि मग पाणी मागतात.

त्यांचं निम्मं काम उकिडवं बसून आणि निम्मं शिडीवर. त्यामुळे डावा गुडघा दुखायला लागला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. माझी ताई रोज डॉक्टरकडे जा म्हणायची आणि हे रोज म्हणायचे, एवढा स्लॅब पडू दे. स्लॅब पडले, इमारत उभी राहिली, लोक राहायलाही आले. शेवटी एकदा शिडीवरून उतरताना पाय असा काही दगा देऊन गेला, की दोघांनी उचलून त्यांना गाडीत घातलं.

हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर मी गेले. ताईला रडायला कांदा लागत नाही, आणि मी कुरिअरच्या काउंटरवर बसते, मला भांडायचा सराव आहे. पण डॉक्टरबाई भांडण्यासारख्या निघाल्या नाहीत. त्यांनी एक्स-रे उजेडावर लावला. मांडीचं हाड गुडघ्यापाशी जिथे रुंद होतं, तिथे आत एक काळी पोकळी दिसत होती, सांध्याला अगदी खेटून.

"इथे गाठ आहे," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी एक डोळा मिटला. "आतून पोखरलीय. पण बाहेरचा गिलावा शाबूत आहे."

"आहे खरा. मलाही ती साधीच वाटतेय. पण नुसत्या वाटण्यावर मी सुरी लावत नाही. एमआरआय करू, छातीचा फोटो काढू आणि सुईने तुकडा घेऊन तपासू. मग बोलू."

तपासणीचा निकाल येईपर्यंत भाऊजींनी घरातली एकेक चौकट दोनदोनदा सरळ केली. आला तो चांगला आला. कॅन्सर नव्हता. "पण साधी म्हणजे गरीब नव्हे," डॉक्टरबाईंनी बजावलं. "ही सहसा दुसरीकडे जात नाही. पण आहे तिथेच बसून हाड खात राहते."

मी घरी येऊन हे सगळं ताईला समजावलं. तिने त्यातला एकच शब्द ऐकला, गाठ. आमच्या बाबांच्या पोटातही गाठच निघाली होती, आणि ते त्यातून उठले नाहीत. मी म्हटलं, "अगं, नाव एक असलं म्हणून माणूस एक होतो का?" पण ती कोपऱ्यात बसून डोळे पुसत राहिली. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

उपचाराच्या वाटा दोन होत्या. एक म्हणजे हाडाचं ते टोकच सांध्यासकट काढायचं आणि धातूचा गुडघा बसवायचा. गाठ परत येण्याची भीती जवळजवळ संपली, पण उकिडवं बसणं आणि शिडी दोन्ही बंद. दुसरी म्हणजे हाडाला खिडकी पाडून गाठ खरवडून काढायची, कडा घासून स्वच्छ करायच्या आणि पोकळीत हाडासाठीचं सिमेंट भरायचं. गुडघा आपला राहतो, पण गाठ परत येऊ शकते.

सिमेंट शब्द ऐकला आणि भाऊजींचा निर्णय झाला. "ओल आली म्हणून कुणी भिंत पाडतं का? खरवडायचं, भरायचं."

"भिंत आहे का ती? पाय आहे," ताई ओरडली. "मुळासकट काढून टाका. नसाल चढत शिडी तर नसाल. घरात तरी दिसाल."

डॉक्टरबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. सांधा चांगला आहे, वय लहान आहे, मी खरवडेन, असं त्या म्हणाल्या आणि तसंच झालं. शुद्धीवर आल्यापासून भाऊजींनी पाण्याचा सपाटा लावला. तांब्यामागून तांब्या. वॉर्डातल्या सिस्टर हैराण. डॉक्टरबाईंनी विचारलं, "एवढी तहान लागतेय?"

"तहान कसली? सिमेंट ताजं आहे. पाणी नको मारायला?"

"अहो, ते टेबलावरच घट्ट झालं. त्याला पाणी लागत नाही."

"बिनपाण्याचं? मग तडे जाणार," भाऊजी काळजीने म्हणाले. इतक्या दिवसांत ताई तेव्हा पहिल्यांदा हसली.

पुढे पाय बरा झाला. भाऊजी शिडीवर चढले आणि दर काही महिन्यांनी एक्स-रे सुरू झाले. त्या फेऱ्यांना ताई जायची. आधी नुसती घाबरून बसायची, मग प्रश्न विचारायला लागली, आणि पुढे पुढे तर पांढरं सिमेंट कुठे संपतं आणि हाड कुठे सुरू होतं हे मलाच दाखवायला लागली. म्हणूनच दुसऱ्या वर्षी सिमेंटच्या कडेची ती काळी रेघ डॉक्टरबाईंच्या बरोबरीने तिलाही दिसली.

पुन्हा तुकडा काढला, पुन्हा तपासला. गाठ परतली होती. निकाल ऐकायला आम्ही तिघंही गेलो. पहिल्यांदाच भाऊजींचा कणा वाकलेला मी बघितला. "काढा तो गुडघा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "हिला आणखी किती वर्षं रडवू?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, "आता कॅन्सर आहे का?"

"नाही. तीच आहे, साधी. आणि लहान असतानाच सापडलीय."

"सांधा?"

"शाबूत आहे."

"मग खरवडा."

"अगं, पण परत आली तर?" भाऊजी म्हणाले.

"येऊ दे," ताई म्हणाली. "तिला म्हणावं, गाठ माझ्याशी आहे."

याला आता बरीच वर्षं झाली. अजून तरी ती ताईच्या वाटेला गेलेली नाही.