तुळजाबाईंची तांबडी गोळी

२०१३ च्या दुष्काळात माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यानं चारा छावणी उघडली, तेव्हा तुळजाबाई दोन म्हशी आणि एक गाय घेऊन तिथं राहायला आल्या. नवरा वारलेला, मुलगी पाटोद्याला दिलेली. पण बाईंना माणसांचा भारी सोस. आठ दिवसांत त्यांच्या खोपीपुढं वर्दळ सुरू झाली. कारण त्यांच्याकडं गोळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा होता.

गोळ्या त्या रंगावरून ओळखत. ताप आला की पांढरी, सर्दीला पिवळी, अंग दुखलं की तांबडी. "घे, तांबडी घे. लई गुणाची हाय," म्हणत हातावर ठेवत. कुणाला आराम पडला की त्यांचाच चेहरा फुलायचा.

शेजारच्या खोपीत बंकट राहायचा, चार बैलांचा धनी, पन्नाशीचा, तोंडानं मिश्कील. चाऱ्याच्या मोळ्या उतरवून त्याचे गुडघे धरले. दवाखान्यातून त्याला ब्लडप्रेशरची गोळी आधीच चालू होती. तुळजाबाई त्याला सकाळ-संध्याकाळ तांबडी देऊ लागल्या. टँकर एक दिवसाआड यायचा. बंकट बैलांना पोटभर पाजायचा आणि स्वतः दोन तांब्यांवर दिवस काढायचा. तीन आठवड्यांनी त्याचे पाय सुजले, लघवी कमी झाली, भाकरी गिळवेना.

टँकरवाल्या शफीनं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तुळजाबाई डबा घेऊन सोबत गेल्या.

"उन्हातलं काम, पाणी कमी, बीपीचं औषध, आणि वर रोज ही दुखण्याची गोळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किडनीवर ताण आलाय. वेळेवर आणलंत."

"म्याच दिली," तुळजाबाईंनी डबा पुढं केला. "माज्या हातानं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी डबा टेबलावर रिकामा केला. निम्म्या गोळ्यांची मुदत संपली होती. पांढरीत आणि पिवळीत तापाचं एकच औषध होतं. दोन्ही खाल्ल्या की दुप्पट पोटात जायचं, आणि ते जास्त झालं की लिव्हर बिघडतं. "गोळी वाईट नाही, मावशी. पण एकाला चालेल ती दुसऱ्याला चालेलच असं नसतं."

बंकट दहा दिवस सलाईनवर आणि देखरेखीखाली राहिला. चौथ्या दिवशी लघवी सुटली तशी जीभही सुटली. "आक्का, माज्या बैलास्नी तरी तांबडी देऊ नका!"

तुळजाबाई हसल्या, पण छावणीत परतल्यावर दोन दिवस खोपीबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी छावणीतलाच राधाकिशन नाक ओढत दारात उभा राहिला.

"ताप हाय का? दुसरी कोन्ती गोळी चालू हाय? पानी किती प्यालास?"

"आक्का, मी गोळी मागायला आलतो, सोयरीक जुळवायला न्हाई."

त्यांनी त्याला गरम पाणी पाजलं, पडून राहायला सांगितलं, आणि ताप आलाच तर दवाखाना गाठायचं वचन घेतलं. मग पदर खोचून त्या थेट छावणीच्या कचेरीत गेल्या. कारखान्याचे संचालक सुंदरराव तिथं बसले होते.

"साहेब, आमच्या म्हशी तपासायला डॉक्टर येतो. मानसं तपासायला कावून न्हाई?"

सुंदरराव आधी हसले, मग विचारात पडले. पुढच्या मंगळवारपासून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई छावणीत येऊ लागल्या. तुळजाबाई खोपी-खोपीतून ओरडत फिरायच्या, "उशाखालच्या, कोनाड्यातल्या, असतील तेवढ्या समद्या गोळ्या घेऊन या!" पहिल्याच दिवशी बीपीच्या औषधासोबत दुखण्याची गोळी रोज खाणारे आणखी चौघे जण सापडले. त्यांतली छबुबाई तर दोन डॉक्टरांची एकच गोळी दोन नावांनी खात होती.

त्याच मंगळवारी बंकट परत आला. गुडघे शेकायचं फडकं खांद्यावर, हातात पाण्याची बाटली. रांगेत घुसून त्यानं सगळ्यांना पायाची उतरलेली सूज दाखवली, आणि नर्सबाईंनी त्याला हाताला धरून मागं नेऊन उभं केलं.