लॅपटॉपला धुराचा वास

"ओढ्यात पडला, मॅडम," निखिल म्हणाला. मी लॅपटॉप उचलला आणि नाकाला लावला.

हसू नका, हे माझं कामच आहे. मी इन्शुरन्स सर्व्हेअर आहे. कुणाचं काही जळलं, बुडलं, मोडलं आणि त्याने क्लेम केला, की विमा कंपनी मला पाठवते. काय झालं, कसं झालं, पॉलिसीत बसतं का, हे बघून मी रिपोर्ट देते. पैसे कंपनी देते, शिव्या मी खाते.

माझं माहेर दासगाव, सासर महाड. दोन्ही घरांत सावित्री नदीचा पूर येऊन गेलेला आहे. पाण्यात गेलेली वस्तू कशी असते, हे मला शिकवायला कुणी आलं नाही. स्क्रूच्या खाचेत आणि कीबोर्डच्या बटणांखाली बारीक गाळ बसतो. टूथब्रशने घासला तरी जात नाही, आणि वास कुजट येतो. या लॅपटॉपमध्ये गाळाचा कणही नव्हता. एका बाजूचं प्लॅस्टिक वाकून वर आलं होतं. वास येत होता धुराचा, आणि थोडा सुक्या बोंबलांचा.

"ओढ्यात बोंबील होते का रे?" मी विचारलं.

निखिलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

निखिल सिव्हिल इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून महाडला आला आणि मार्केटच्या मागे दोन टेबलांचं ऑफिस थाटलं. घरं-जमिनी मोजायच्या, ड्रोन उडवून नकाशे करायचे, हे त्याचं काम. एक लॅपटॉप, एक ड्रोन, त्याच्या बॅटऱ्या, एवढाच सगळा धंदा, आणि तो एका बॅगेत मावत होता. आता बॅगेतलं सगळंच गेलं होतं. बॅटऱ्या तर अशा फुगल्या होत्या की मी त्या आधी गॅलरीत नेऊन ठेवायला लावल्या. क्लेम नाकारला गेला तर ऑफिस बंद करून पुन्हा पुण्याचा रस्ता. हे त्याने सांगितलं नाही, पण त्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा सांगून गेली.

पोरगा तसा शहाणा. ऑफिसातल्या मशीनची साधी पॉलिसी असते ना, ती मशीन टेबलावर असेपर्यंत. उंबऱ्याबाहेर नेलं की कव्हर संपलं. बाहेर नेणाऱ्यांसाठी वेगळं पोर्टेबल कव्हर घ्यावं लागतं. भारतात कुठेही न्या, अपघाताने नुकसान झालं तर भरपाई. आमच्याकडे ते दहातले नऊ जण घेत नाहीत, याने घेतलं होतं. शिवाय डेटाचंही घेतलं होतं, म्हणजे मशीनमधलं काम गेलं तर ते परत उभं करायचा खर्च. आणि एवढं सगळं नीट करून हा माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होता. मला रागच आला.

विम्यात एक नियम फार कडक आहे. क्लेममध्ये खोटं सांगितलं, तर नुकसान खरं असलं तरी क्लेम जातो. म्हणून मी म्हटलं, "स्पॉट बघावा लागेल. तुझं काम चालू आहे त्या वाडीवर जाते."

"मॅडम, पावसात कशाला? वाट निसरडी आहे."

"तू जातोस ना? मग मीही जाईन."

वाडी पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या अंगाला. पंचवीस-तीस उंबरे. वरच्या बाजूला जमिनीला भेगा गेलेल्या. तळीये गाव दरडीखाली गेल्यापासून आमच्या तालुक्यांत भेगेकडे कुणी कानाडोळा करत नाही. वाडी खाली सपाटीला हलवायची ठरत होती आणि त्यासाठी घरांची, जागांची मोजणी निखिलकडे आली होती. जीप जाते तिथपर्यंत गेले, पुढे छत्री टेकत चढले. इंजिनिअर कुणाकडे उतरतो विचारलं, तर पहिल्याच माणसाने बोट दाखवलं, "पार्वतीकाकीकडं. जेवान बी तितंच."

काकी दारातच होती. सत्तरीच्या आसपासची, काटक. मुलगा-सून मुंबईला, गणपतीला येणार. मी इंजिनिअरच्या ऑफिसच्या कामासाठी आलेय म्हटल्यावर तिने मला थेट स्वयंपाकघरात नेलं. बाईमाणसाला ओटीवर बसवायची रीत नाही. चुलीवर कोरा चहा ठेवला.

"काकी, त्याची बॅग पडली तो ओढा कुठला?" मी विचारलं.

"कसली बॅग? वढ्यात?" ती हसली. "अगो, ती माज्यापाशी व्हती की. पावसानं वाट निसरडी झाली, जड वझं घेऊन उतरंल कसा? मीच बोलली, ठेव हितं, उघडीप झाली की ये. आन मंग भित्तीला वल आली. बघते तं पिशवीला बुरशी धराया लागलेली. लोकाची वस्तू, महागाची. म्हनून वर ठेवली."

"वर कुठे?"

तिने मान वर केली. चुलीच्या बरोबर वर माळा होता. काळ्या कुळकुळीत कामट्यांचा, वर्षानुवर्षं धूर खाल्लेला. तिथं बियाण्याची गाडगी होती, आमसुलं होती, बोंबलांची माळ होती. या डोंगरात पावसाळ्यात कोरडी जागा ती एकच. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेलं जे जपायचं, ते चुलीवर. माझी आजीही तेच करायची.

"वर ठेवलेलं कदी नासत नाय," काकी म्हणाली. "पोरानं येऊन नेली तवा मीच काडून दिली. येक थेंब लागू दिला न्हवता. त्यो पन बोलला, काकी, बेस झालं."

मी चहा प्यायले. त्या बॅटऱ्या खाली पेटत्या चुलीवर दिवसचे दिवस शेकत होत्या. एखादी जरी फुटली असती, तर माळा, छप्पर आणि काकी, काही उरलं नसतं. मी कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिने विचारलं, "थंडी वाजतेय का गो?" मी हो म्हटलं.

खाली उतरून मी थेट निखिलच्या ऑफिसात गेले.

"ओढा बघून आले," म्हटलं. "चुलीवर होता."

तो खुर्चीत बसला. मग सगळं बाहेर आलं. बॅग वाडीतच उघडून बघितली होती, काकीच्या नजरेआड. तिला कळू दिलं नव्हतं. मग कुणी अर्ध्या हळकुंडाने पिवळ्या झालेल्या शहाण्याने त्याला सांगितलं, की दुसऱ्याच्या ताब्यात वस्तू दिली म्हणालास तर क्लेम जाईल, आणि वर त्या बाईच्या दारात कंपनीची नोटीस येईल.

"काकीने आठ-आठ दिवस मला गरम जेवायला घातलंय, मॅडम. तिच्या दारात नोटीस? मी क्लेम मागे घेतो. ऑफिस बंद करतो."

"गप बस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, कबूल आहे. "अरे, खरं काय घडलं ते पॉलिसीत बसतंय. कोरडी राहावी म्हणून सुरक्षित घरात ठेवली, तिथं चुकून शेकली. हा अपघात आहे. बसत नाही ते तुझं खोटं. आगीतून काढून फुफाट्यात टाकतोयस स्वतःला."

"पण काकीचा जबाब लागेल?"

"लागेल."

"म्हणजे तिला कळणार."

"कळणार. आणि ते तू सांगणार. मी नाही."

त्या दिवसाइतका रड्या चेहऱ्याचा क्लायंट मी पाहिलेला नाही. आम्ही दोघं वर गेलो. निखिलने ओटीवर बसून खाली बघत सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर काकी उठून आत गेली, माळ्याकडे बघितलं आणि परत आली.

"म्हंजी माज्या हातानं जळलं."

"नाही काकी..."

"नाय काय नाय? माज्याच हातानं जळलं. आन तू मला बोललास बेस झालं." तिचा आवाज फुटला. "ल्योक पन असाच करतो. मुंबईत आजारी पडला तं मला म्हयन्यानं कळवतो. तुमाला वाटतं म्हातारीला सोसत नाय. सगलं सोसतं. खोटं तेवडं सोसत नाय."

निखिल रडला. मी छत्रीची काडी नीट करत बसले, जी मोडलेली नव्हती.

काकी मला म्हणाली, "लिवा. माजं नाव लिवा. वढ्याचं नको. ह्या वढ्यानं कुनाचं काय नेलं नाय."

मी लिहिलं, वाचून दाखवलं, तिने सही केली. निखिलने आधीचं सांगणं चुकीचं होतं, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. माझा रिपोर्ट तोवर गेला नव्हता, हे त्याचं नशीब.

कंपनीचे क्लेम मॅनेजर पनवेलला बसतात. माणूस वाईट नाही, पण डोंगर फक्त खिडकीतून पाहिलेला. त्यांचा फोन आला.

"मॅडम, इन्शुअर्डने आधी खोटं सांगितलंय."

"सांगितलं. त्यात त्याचा फायदा शून्य होता, उलट तोटाच. आणि पैसे सुटायच्या आधी स्वतः दुरुस्त केलंय. रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलंय, लपवलं काही नाही."

"बरं. पण थर्ड पार्टी आहे. रिकव्हरी?"

रिकव्हरी म्हणजे काय, तर तिसऱ्याच्या चुकीने नुकसान झालं, तर कंपनी आधी तुम्हाला पैसे देते आणि मग त्या तिसऱ्याच्या मागे लागू शकते. निखिल ज्याला घाबरत होता ते हेच. अगदीच हवेतलं नव्हतं.

"कुणाकडून? चुलीकडून?" मी म्हटलं.

"चेष्टा नको. लॅपटॉप चुलीवर ठेवणं हा निष्काळजीपणा नाही?"

"साहेब, तुम्ही घराचे कागद कुठे ठेवता?"

"लॉकरमध्ये."

"त्या घरातला लॉकर तो माळा आहे. वर्षाचं बियाणं तिथं असतं. तिने परक्याची बॅग बियाण्याशेजारी ठेवली. याहून जास्त काळजी कशी घ्यायची, ते तुम्ही मला लिहून कळवा, मी वाडीवर जाऊन वाचून दाखवते."

शेवटी ते म्हणाले, "नोट टाका तशी."

मी नोट टाकली. लॅपटॉप आणि ड्रोनचा क्लेम पास झाला. बॅटऱ्यांचा नाही, त्या झिजणारी वस्तू म्हणून या पॉलिसीत धरत नाहीत. रिकव्हरीचा विषय बंद झाला.

डेटाचा क्लेम मात्र मीच कापला. त्यात अट असते, की कामाची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप, वेगळ्या जागी ठेवलेला पाहिजे. निखिलकडे बॅकअप होता. वेगळ्या हार्ड डिस्कवर, व्यवस्थित नाव घालून. ती हार्ड डिस्क होती त्याच बॅगेत, बाजूच्या कप्प्यात. लॅपटॉपबरोबर तीही शेकली. "मॅडम, कप्पा वेगळा होता," तो म्हणाला. मी फक्त बघितलं त्याच्याकडे. वाडीची सगळी मोजणी त्याला पदरमोड करून पुन्हा करावी लागली.

ती चालू असताना मी एकदा वर गेले. कामासाठी नव्हे, काकीने आमसुलं न्यायला बोलावलं होतं. पाऊस ओसरला होता. वाडीतली माणसं निखिलबरोबर टेप धरून घराघराला फिरत होती. ड्रोन वर होता. काकी ओटीवर पाय पसरून बसली होती आणि मांडीवर नवी बॅग होती, लॅपटॉपसकट. दोन्ही हात बॅगेवर.

शेजारीण सांगत होती, की काकीने आधी बॅगेला हात लावायला साफ नकार दिला. दुसऱ्याच्या घरी ठेव म्हणाली. निखिल ऐकेना. तिच्या मांडीवर ठेवून निघूनच गेला. तेव्हापासून ती उठली नव्हती. भातातलं तण काढायची बेणणी राहिली होती, चूल पेटली नव्हती.

"काकी, जरा खाली ठेवा, चहा तरी घ्या," मी म्हटलं.

"तू कर गो चहा. चूल तुला म्हायती हाय," ती म्हणाली. "पोर येऊ दे, मंग उठते."

मी आत जाऊन चहा केला आणि कप तिच्या हातात दिला. तिने चहा प्यायला, पण प्रत्येक घोटानंतर कप बॅगेपासून लांब, हात पूर्ण ताणून धरत.

सगळ्या पॉलिसीत एक वाक्य असतं, विमेदाराने रिझनेबल केअर, म्हणजे वाजवी काळजी, घ्यावी. एवढी वर्षं मी ते वाक्य लोकांना क्लेम नाकारताना वाचून दाखवत आले. आता वाचताना मला तो ताणलेला हात दिसतो आणि मी जरा सावकाश वाचते. बाकी सांगायचं तर एवढंच: सर्व्हेअरला खरं सांगा, आणि बॅकअप दुसऱ्या घरी ठेवा.