आनंदीकाकीचं गाऱ्हाणं

भाट्ये गावची राही चोर नव्हती. पण एक चोरी तिने केली आणि अगदी मनापासून केली. तिचा बाप धाकू तेलाच्या जहाजावर खलाशी. तिकडे आखातात इराण आणि इराक एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि वाटेतल्या जहाजांवर बाँब पडत होते. रेडिओवर बातम्या लागल्या की तिची आई कमळा हातातलं काम टाकून ऐकत बसायची. बाप नेमका आहे कुठे, एवढंच राहीला बघायचं होतं. नकाशांचं पुस्तक वाडीत एकच, शेजारच्या आनंदीकाकीच्या पोराचं, लवूचं.

आनंदीकाकीचं किराणा दुकान होतं आणि बाई फाटक्या तोंडाची. राहीने पुस्तक मागितलं तर म्हणाली, "खलाशाच्या पोरीला नकाशे कशाला गो? बापूस काय तुला इचारून जहाज हाकतो?" गिऱ्हाइकं हसली. राहीने दुसऱ्या दिवशी खिडकीतून पुस्तक लांबवलं. भाताच्या कणगीमागे बसून ती आखाताच्या निळ्या पट्टीवर बोट फिरवायची. बाप इथेच कुठेतरी आहे म्हणून तिला बरं वाटायचं.

पुस्तक गेलं म्हणताच काकीने थेट देवळात नारळ ठेवला. आमच्याकडे चोर सापडेना तर पोलिसाकडे कोण जातो? देवापुढे नारळ ठेवायचा, गुरवाकडून गाऱ्हाणं घालायचं, मग चोर जाणे नि देव जाणे. पण माणसं दागिना गेला तर हे करतात. ही बाई एका पुस्तकासाठी देवाला कामाला लावून मोकळी! आणि गाऱ्हाणं तरी कसलं? पुस्तक नेणाऱ्याच्या घरचा माणूस परत घराला लागू नये! जमलेल्यांनी सवयीने "होय महाराजा" म्हटलं. त्यांत कमळाही होती.

राहीच्या कानावर ते आलं. पुस्तक घेऊन ती काकीच्या ओटीवर गेली आणि तिने पाय धरले. "काकी, मी नेलं. काय ती शिक्षा द्या, पण नारळ उचला." ठेवलेला नारळ ज्याचा त्यानेच उचलायचा, दुसऱ्याला तो अधिकार नाही. काकीने आधी पुस्तक काढून घेतलं, पानं फाटली नाहीत ना ते पाहिलं. मग म्हणाली, "देवाच्या दारात काय पोरखेळ हाय? आता भोगा."

पावसाळा सरता सरता तार आली. जहाजावर बाँब पडला होता, धाकू सापडला नव्हता. राहीने आईला सगळं सांगून टाकलं. आई मारील असं तिला वाटलं होतं. ती उठून भांडी घासायला लागली.

बाँब काय गाऱ्हाणं ऐकून पडतो, असं शहाणी माणसं म्हणतील. राहीच्या लेखी बाप आनंदीकाकीने मारला. त्या दुकानातलं मीठसुद्धा तिने घरात येऊ दिलं नाही. मिठासाठी खाडी ओलांडून रत्नागिरीचा बाजार गाठायची. लवू स्वभावाने चांगला, लहानपणी बरोबर खेळलेला, पण तो समोरून आला की ती थुंकायची.

लढाई काही संपेना. लवू मॅट्रिकला आपटला आणि आईचं न ऐकता त्याच आखातातल्या जहाजावर गेला. त्याची पत्रं यायची थांबली, तशी काकीची झोप उडाली. एके दुपारी ती पदर पसरून राहीच्या दारात उभी.

"तू माझ्या पोरावर नारळ ठेवलास ना? उचल गो बाय. तुझ्या पाया पडते."

राहीने नारळ ठेवलाच नव्हता. मनात हजारदा ठेवला असेल, पण बाप गेल्यापासून ती देवळाची पायरी चढली नव्हती. एवढं एक वाक्य बोलली असती तर ती बाई दोन घास जेवली असती. राहीला हे पुरतं कळत होतं, आणि त्याचंच तिला सुख झालं.

"देवाच्या दारात काय पोरखेळ हाय?" ती म्हणाली.

काकी रडत निघून गेली. आत कमळा विळीवर मासे कापत होती. तिने हात थांबवून विचारलं, "खरंच ठेवलास?"

"नाय."

कमळाने जन्मात कुणाला उलटून उत्तर दिलं नव्हतं. आता ही आपल्याला खरं सांगायला काकीच्या मागे धाडणार, असं राहीला वाटलं.

"काकीने मना इचारलंन, तर ठेवलाय म्हणून सांगेन," कमळा म्हणाली आणि तिने पुढचा मासा हातात घेतला.