बाबांचं पान दोह्यात

वर्ल्डकपसाठी अख्खं दोहा उकरून ठेवलं होतं, त्या वर्षी बाबांचं वर्षश्राद्ध आलं. मी त्यांची एकुलती एक. आजारपण त्यांनी इथे, माझ्याच घरी काढलं होतं. तरी नाशिकहून काकांचा फोन आला, "चुलतभाऊ करेल सगळं. तू फक्त व्हिडिओ कॉलवर बस." जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे बाबा होते. मी "बरं" म्हटलं आणि नंतर चरफडत बसले.

करमेना, म्हणून शेजारी गेले. अल अझीझिया भागातल्या आमच्या इमारतीत, आमच्याच मजल्यावर एक कोरियन बाई राहायची. तिचा नवरा स्टेडियमच्या साइटवर. ती घरची थोरली सून. सासरच्या पूर्वजांच्या श्राद्धाचा सगळा स्वयंपाक तिने करायचा आणि पुढे होऊन नमस्कार मात्र पुरुषांनी. कन्फ्यूशियसच्या शिकवणीतून चालत आलेली रीत, असं ती सांगायची. "आम्ही कन्फ्यूशियसशिवायच हे जमवलंय," असं मी म्हणायचे आणि दोघी हसायचो.

त्या दिवशी ती त्यांच्याकडची धिरडी घालत होती. लसूण नाही, तिखट नाही, अगदी आपल्या श्राद्धासारखं.

"सासऱ्यांचं का?" मी विचारलं.

"माझ्या आईचं," ती म्हणाली. "भाऊ म्हणतो, लग्न झालेल्या मुलीने करायचं नसतं. नवराही तेच म्हणतो. खलास! खूप ऐकलं."

तिने आईच्या फोटोपुढे सगळं मांडलं. आईला आत येता यावं म्हणून दार किलकिलं केलं. पेला भरून ठेवला आणि जमिनीला कपाळ टेकवून दोनदा नमस्कार केला. उठली तेव्हा डोळे वाहत होते, पण मान ताठ होती. मला तिचा हेवा वाटला. आणि माझ्या त्या "बरं"चा भयंकर राग आला.

घरी येऊन काकांना फोन लावला. "बाबांचं मी करणार. इथेच."

"अगं, तुला अधिकार नाही तो. आणि त्या वाळवंटात पानाला शिवायला कावळा तरी आहे का?"

"साळुंक्या आहेत."

"चेष्टा नको. मुलीच्या हातचं बापाला पोचत नसतं."

"काका, बाबांचा हात उचलत नव्हता तेव्हा रोज भात मीच भरवला. तो बरा पोचत होता? तेव्हा अधिकार विचारायला कुणी आलं नाही ते."

काकांनी फोन ठेवून दिला.

तिथीच्या दिवशी मी खीर, वडे, वरणभात केला. शेजारीण मदतीला आली आणि येताना आमचं दार किलकिलं ठेवून आली. पान वाढून बाल्कनीत ठेवलं, दोघींनी नमस्कार केला. आम्ही मागे सरतोय तोच एक साळुंकी आली आणि भातात चोच घालून मोकळी झाली.

मग मी व्हिडिओ कॉल लावला. काका दिसले. म्हटलं, "आता तुम्ही बसा."