तांदळावरचं नाव

"तुमच्या जन्मदाखल्यावर जिचं नाव आहे, ती बाई जर्मन नाही," नागरिकत्वाच्या कचेरीतल्या बाई मला म्हणाल्या, अगदी सौम्य आवाजात, चष्मा पुसत. "आणि जी बाई जर्मन आहे, तिला मूल असल्याची नोंद कुठेच नाही."

"मग मी कोणाची?" मी विचारलं. त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले. तेवढं शोधून काढणं माझं काम होतं.

तेव्हा मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. चौथं वर्ष चालू होतं. दर वर्षी कंत्राट वाढलं की व्हिसा वाढवायला भल्या सकाळी थंडीत फाइल छातीशी धरून रांगेत उभी राहायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलता बोलता, माझी आई इथलीच होती, असं निघालं. शेजारचा सहकारी काटा खाली ठेवून म्हणाला, "आल्झो, म्हणजे तू जन्मापासून जर्मनच आहेस की! रांगेत कशाला उभी राहतेस?" आपल्या सरकारला दोन नागरिकत्वं चालत नाहीत, हे मला माहीत होतं. पण तो पुढचा प्रश्न. आधी मला माझ्या आईची मुलगी म्हणून कोणीतरी मान्य करायला हवं होतं, आणि ते इतकं अवघड जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आई आखनजवळच्या एका खेड्यातली. बाबा आखनला शिकायला होते आणि ती तिथल्या ग्रंथालयात कामाला होती. लग्न मात्र पुण्यात झालं, साग्रसंगीत. आपल्याकडे सुनेचं नाव बदलतात, तेव्हा तिचंही बदललं. चांदीच्या ताटात तांदूळ पसरले आणि आजीनं सुचवलेलं नाव बाबांनी अंगठीनं त्यावर लिहिलं. पेढे वाटले. झालं! मग लग्नाच्या नोंदीत तेच नाव, रेशनकार्डावर तेच आणि माझ्या जन्मदाखल्यावरही तेच. नवं नाव, त्यापुढे बाबांचं नाव, त्यापुढे बाबांचं आडनाव. त्या तीन शब्दांत आईचं स्वतःचं काहीच नव्हतं. नाव बदललं की सरकारी गॅझेटमध्ये तसं छापून आणायचं असतं, हे घरातल्या एकाही शिकल्यासवरलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. तांदळावर लिहिलं म्हणजे लिहिलं.

तिचा जर्मन पासपोर्ट मात्र जुन्याच नावाचा होता. साड्यांच्या घडीखाली ठेवलेला, ती गेल्यावर माझ्याकडे आलेला. मी तो कचेरीत नेला, सोबत रेशनकार्ड नेलं आणि दोन्हींवरचा पुण्याचा पत्ता बाईंना दाखवला.

"गेनाऊ, अगदी बरोबर, पत्ता एकच आहे," त्या म्हणाल्या. "पण एका घरात दोन बायका राहू शकतात."

माझं डोकंच फिरलं. आमच्या अडीच खोल्यांत आजी, आजोबा, एक काका आणि आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावरून ये-जा करत होतो. दुसरी बायको माझ्या बापानं ठेवली कुठे असती, माळ्यावर? हे मी त्यांना जर्मनमध्ये ऐकवलं. आणि ऐकवताना मला आणखी संताप आला, कारण हे जर्मन मी आईकडून शिकले नव्हते. पुण्यात क्लास लावून शिकले होते. आजीला घरात ती भाषा नको होती, म्हणून आई ती बोलतच नसे. स्वेटर विणताना टाके तेवढे ती जर्मनमध्ये मोजायची, तेही ओठांतल्या ओठांत.

बाईंनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. वर म्हणाल्या, "तुमचं नशीब समजा. दोन-तीन वर्षं आधी जन्मल्या असतात, तर आई जर्मन असून काही उपयोग नव्हता. तेव्हा नागरिकत्व वडिलांकडूनच यायचं." नशीब! म्हणजे इथल्या कायद्यात आई धरत नव्हते आणि आमच्या घरात सुनेचं माहेरचं नाव राहू देत नव्हते. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून एक जिवंत बाई पुसून टाकली, आणि ती होती याचा पुरावा आता मी आणायचा.

त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ते पुण्यात एकटे राहत होते.

"अगं, सगळ्यांचीच बदलतात नावं," ते म्हणाले. "तिची काही हरकत नव्हती."

"तुम्ही विचारलं होतं तिला?"

"त्यात विचारायचं काय? प्रेमानं ठेवलं होतं."

"आणि गॅझेटचं काय, बाबा?"

"लग्नाच्या गडबडीत गॅझेट कोण बघतं? तू पण ना!"

मी त्यांना वाट्टेल ते बोलले आणि फोन आपटला. पुढे दोन आठवडे त्यांना फोन केला नाही.

आखनजवळच्या त्याच खेड्यात आईची धाकटी बहीण अजून होती. मी तिच्याकडे गेले. मावशीनं बिस्किटांचा एक मोठा डबा टेबलावर आणून ठेवला. त्यात आईची पत्रं होती, पुण्याहून आलेली, तारखेवार लावलेली. मी पहिलं उचललं, मग दुसरं, मग सगळीच उलटीपालटी करून बघितली. पाठवणाऱ्याच्या जागी प्रत्येकावर आईनं स्वतःचं जुनं नाव लिहिलेलं, खाली आमचा पत्ता. बाहेरच्या जगासाठी तिनं ते नाव कधी सोडलंच नव्हतं. एका पत्रात माझ्या जन्माची बातमी होती. वजन, केस, नाक कोणावर गेलंय ते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाच्या एका पत्रात लिहिलं होतं, "इथे मला दुसऱ्याच नावानं हाक मारतात. आता मी वळून बघायला शिकले आहे."

ते वाचलं आणि मला माझं लग्न आठवलं, आई जायच्या वर्षभर आधीचं. तांदळाचं ताट समोर आलं होतं, सासरच्यांनी नावही ठरवून ठेवलं होतं. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारी माझी आई उठली. "हिला नाव आहे," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून तरातरा कार्यालयाच्या स्वयंपाकघरात गेली. ते तांदूळ तिनं आचाऱ्याच्या पातेल्यात ओतले. सासूबाई बघतच राहिल्या. बाबा पाहुण्यांसमोर ओशाळले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं ऐन मांडवात तमाशा केला असं मला वाटलं आणि रात्री मी तिला ते बोलूनही दाखवलं. मावशीच्या टेबलाशी बसून मला स्वतःची इतकी चीड आली की मी उठून बाहेर अंगणात गेले.

पत्रं बघून कचेरीतल्या बाई जरा नरमल्या. पण नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवंच म्हणाल्या. म्हणजे बाई तीच होती हेही नवऱ्यानंच सांगायचं! मी दात-ओठ खात बाबांना फोन केला. ते यावेळी वाद घालत बसले नाहीत. नोटरीकडे गेले, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं: अमुक नावाची जर्मन स्त्री आणि तमुक नावाची माझी पत्नी या दोन व्यक्ती नसून एकच व्यक्ती आहे. खाली त्यांची सही होती. त्याचं भाषांतर झालं, त्यावर शिक्के बसले, आणि पहिल्या खेपेनंतर आठ महिन्यांनी मला बोलावणं आलं.

नागरिकत्वाचा दाखला एका पानाचा होता. त्यावर माझं नाव, जन्मतारीख, जन्मगाव. मी आईचं नाव शोधलं. पान उलटून बघितलं, मागे काही नव्हतं.

"आईचं नाव कुठे आहे?"

"इथे ते लागत नाही," बाई म्हणाल्या.

"आठ महिने तेच तर मागत होतात तुम्ही!"

"ते फाइलमध्ये आहे," त्या म्हणाल्या, आणि माझं अभिनंदन केलं. मी हात मिळवला नाही.

स्टेशनकडे उतरताना बाबांचा फोन आला.

"झालं काम?"

"झालं."

"मग त्यात लिहिलंय ना?" असं म्हणून त्यांनी आईचं नाव घेतलं. तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं, पासपोर्टवरचं. त्यांच्या तोंडून ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मावशी उच्चारते तसंच, एकही अक्षर इकडे-तिकडे नाही. म्हणजे त्यांना येत होतं. घरात तिला त्या दुसऱ्या नावानं हाक मारायचे तेव्हाही, इतकी सगळी वर्षं, ते त्यांना नीट म्हणता येत होतं.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.