सावलीतली टोपी

नगरला फोटो स्टुडिओ चालवून माझी नजर संशयी झाली आहे. लग्नाच्या फोटोत कोण कोणाकडे बघायचं टाळतंय, ते मला आधी दिसतं. नातेवाईक सहलीला गेले की फोटो मलाच पाठवतात, आणि मग माझ्यावरच चिडतात. कारण मी नुसता अंगठा दाखवून सुटत नाही. समुद्र कललाय, वहिनींच्या डोक्यातून खांब उगवलाय, पाठीशी ऊन घेऊन उभं राहिलं की तोंड काळंच येणार, असं सगळं लिहितो. नीट बघायचं नसेल तर बघायचंच कशाला?

गेल्या वर्षी थोरली बहीण आणि दाजी काशीला निघाले. दोघं कोल्हारजवळ वस्तीवर राहतात, मुलं-सुना पुण्याला. यात्रा कंपनीची बस होती, बरोबरची माणसं सगळी परगावची. आल्यावर मावंदं घालायचं ठरलं होतं, म्हणजे जोडीनं बसून गंगेच्या पाण्याची पूजा आणि मग गावाला जेवण. त्याचे फोटो अर्थातच मी काढणार होतो.

ग्रुपवर दाजींचे फोटो यायला लागले. घाटावर दाजी, नावेत दाजी, भज्यांच्या गाडीपुढं दाजी. मी लिहिलं, "दाजी, प्रत्येक फोटोत पाय कापले जातायत. जरा लांबून काढायला सांगा. आणि अक्का कुठंय?"

उत्तर आलं, "तीच काढती फोटू."

अक्का? फोन आला तरी तो कुठून उचलायचा हे जी विचारते, ती? बरं, शिकली असेल म्हटलं.

पुढचा फोटो दाजींनी माझं ऐकून लांबून काढून घेतला होता. पाय आले होते, आणि पायांपुढची जमीनही. तिथं फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. सावलीच्या डोक्यावर टोपी होती. आपल्याकडच्या टोपीचं टोक सावलीतही लपत नाही.

मी फोन केला. दाजी म्हणाले, "ती निजलीय." संध्याकाळी म्हणाले, "आंघुळीला गेलीय." अक्काचा फोन बंद. मनात नाही नाही ते यायला लागलं. गर्दीत ती हरवली आणि हा माणूस लपवतोय? की कुठल्या दवाखान्यात टाकलीय? "फोटो बघून कुणावर आळ घेऊ नका," बायको म्हणाली. पण मला राहवेना. शेवटी यात्रा कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "बाई तर बसमध्ये बसल्याच नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळीच एसटीनं कोल्हार गाठलं. वस्तीवरच्या घराला आतून कडी होती. मी दार वाजवलं.

दार अक्कानंच उघडलं. केस मोकळे, अंगानं धडधाकट. मला बघून तिचं तोंड पडलं. मला रडू येत होतं आणि रागही.

"दाजी तुला टाकून गेले?"

"गप. मीच न्हाई गेले."

"आजारी आहेस?"

"न्हाई रे." चोरी कबूल करावी तशी ती हळू बोलायला लागली. "मला घरात एकटं ऱ्हायचं हुतं. लगीन झाल्यापास्नं ह्या घरात एक दिस एकटी न्हाई मी. आधी सासू, मग पोरं, मग ह्यांचा च्या. ह्यांना म्हणलं, तुमी जावा, आन मी बी संगं हाय म्हणून सांगा. न्हाईतर सुना येतील, तू येशील."

मी आलोच होतो.

"आणि मावंदं?"

"बसू की जोडीनं. ह्यांच्या पुण्याईत अर्धी वाटणी माझीच हाय."

खाट माजघरात मधोमध, पंख्याखाली ओढलेली होती. तिच्यावर ताट, ताटात अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अक्काच्या घरात उष्टं ताट असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला दाजींचे फोटो दाखवले. तिनं एकेक निरखून पाहिला. "ह्यांना लिही, जरा हसा म्हणावं. मी मेल्यावानी तोंड करून उभं ऱ्हात्यात."

आम्ही दोघंही हसलो.

जेवल्याशिवाय तिनं मला आजवर कधी जाऊ दिलं नव्हतं. "च्या टाकते," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्ता निघालास तर नगरची गाडी घावंल बघ."