सातवं रीळ

त्या सिनेमाला परदेशात कुठंतरी मोठं बक्षीस मिळालं होतं आणि ही बातमी पोस्टरवर नायक-नायिकेच्या तोंडांपेक्षा मोठ्या अक्षरांत छापली होती. बक्षीसवाला सिनेमा दोन दिवसांत उतरतो, असा थिएटरच्या मॅनेजरचा आजवरचा अनुभव. पण हा तिसऱ्या आठवड्यात गेला, आणि तोही बक्षिसामुळे नाही, भांडणामुळे.

गोष्ट चार वाक्यांची. पूल बांधणारा एक माणूस. लग्न प्रेमाचं. पण पूल काही कुणी अंगणात बांधत नाही, त्यामुळे हा कायम बाहेरगावी आणि बायको घरी शिवणाच्या मशीनवर. अशी बावीस वर्षं गेल्यावर तो एकदाचा कायमचा परत येतो, फाटक उघडतो, ती मशीनवरून मान वर करते आणि हसते. शहाणे सिनेमे इथं संपतात. हा संपत नाही. ती त्याला जेवायला वाढते, मग हाताला धरून त्याचंच घर त्याला दाखवते: किल्ल्या इथं असतात, हा नळ दोनदा फिरवावा लागतो, मागच्या खिडकीची कडी वर ढकलून लावायची. सगळं दाखवून झालं की एक लहानशी बॅग उचलते आणि त्याच फाटकातून निघून जाते. तो टेबलाशी बसून राहतो. खेळ खलास.

झालं! गावात दोन तट पडले. सलूनमध्ये एकजण तावातावानं म्हणाला, "जायचंच होतं तर बावीस वर्षं थांबली कशाला?" त्यावर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उसळलं, "थांबली म्हणूनच गेली! तुम्ही थांबून बघा की जरा!" दवाखान्यातल्या नर्सबाई नायिकेच्या बाजूच्या, तर बँकेतले कॅशियर तिला दगडाच्या काळजाची म्हणणारे. लग्नाला सहा महिने झालेल्या एका जोडप्यानं तर सायकल स्टँडवरच अबोला धरला. थिएटरच्या दारवानाला सगळे बॅटरीवाला म्हणत, कारण अंधारात बॅटरी मारून खुर्ची दाखवायचं काम त्याचं. तो रोज केबिनचा लोखंडी जिना चढून वर यायचा आणि निकाल सांगायचा, "आज बाईचं पारडं जड आहे, साहेब."

हे साहेब म्हणजे ऑपरेटर. चौतीस वर्षं ते त्या केबिनमध्ये दोन मशीन्सच्या मध्ये उभे होते. गावात मत न देणारा माणूस तेवढा हाच.

ऑपरेटरचं काम बाहेरच्याला वाटतं तसं नसतं. सिनेमा म्हणजे सात मोठी रिळं, प्रत्येक वीसएक मिनिटांचं, पत्र्याच्या गोल डब्यात. एका मशीनवर एक रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवायचं, झालेलं उलट गुंडाळायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात रीळ संपत आल्याचा बारीक ठिपका चमकला की एक मशीन बंद, दुसरं चालू. पापणी लवण्याचा उशीर झाला तर पडदा पांढरा पडतो आणि खालून शिट्ट्या येतात. पडदा पांढरा पडणं ही ऑपरेटरच्या धंद्यातली नाचक्की. साहेबांच्या हातून चौतीस वर्षांत ती एकदाही झाली नव्हती, आणि त्याचा त्यांना नको तितका अभिमान होता.

त्यांची बायको नवी नवरी असताना दर बुधवारी तीनच्या खेळाला यायची. नववी रांग, कडेची खुर्ची. शेजारच्या खुर्चीवर ती आपली पर्स ठेवायची. कारण साहेबांनी सांगितलं होतं, "शेवटचं रीळ लागलं की मला काही चढवायचं नसतं. वीस मिनिटं मोकळा असतो. खाली येतो, तुझ्याशेजारी बसतो." कुणी विचारलं, "इथं कुणी आहे का?" की ती म्हणायची, "येताहेत."

ते कधीच गेले नाहीत. म्हणजे जायचं नव्हतं असं नाही. पण सहाच्या खेळाचं पहिलं रीळ तपासायचं असायचं, मशीनला तेल द्यायचं असायचं, कधी मॅनेजर वर येऊन गप्पा मारत बसायचा. केबिनच्या चौकोनी खिडकीतून ती पर्स त्यांना दिसायची. पुढच्या बुधवारी नक्की, असं ते मनाशी म्हणायचे. पुढं मुलगी झाली, बुधवार सुटले. तीन, सहा, नऊ असे तीन खेळ करून माणूस घरी पोचणार तेव्हा घर झोपलेलं, आणि तो उठणार तेव्हा मुलगी शाळेत. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. नवरा-बायकोची गाठ पडायची ती सकाळी अकरा ते दुपारी दोन. त्यातही बोलणं काय, तर भाजी कुठली आणि पाणी आलं का.

तर असा हा माणूस. पहिल्या दिवशी सिनेमा लावताना त्यांनी सातवं रीळ खिडकीतून उभ्यानं पाहिलं. चार दिवस त्यांच्या डोक्यात तेच. मग सकाळी जेवताना ते बायकोला एकदम म्हणाले, "बुधवारी ये तीनला. या वेळी शेवटच्या रिळाला खाली येतो. खरंच."

तिनं वाढता वाढता त्यांच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली.

बुधवारी ती आली. नववी रांग, कडेची खुर्ची, शेजारी पर्स. केस पांढरे झालेले, पण मान ताठ ठेवून बसायची तऱ्हा तीच. साहेबांनी एकेक रीळ चढवलं. सहावं चालू झालं तेव्हा सातवं त्यांच्या हातात होतं. वीस मिनिटं तिच्याशेजारी बसायचं, आणि समोर पडद्यावर ती बाई नवऱ्याला नळ दाखवणार. बायको काही बोलणार नाही. पण तिला काय वाटतंय ते शेजारी बसून कळणार. हे त्यांच्यानं सोसवेना.

पडद्यावर फाटक उघडलं. बाई हसली. साहेबांनी मशीन बंद केलं, हॉलचे दिवे लावले आणि सातवं रीळ डब्यात परत ठेवून दिलं.

माणसं डोळे पुसत, खुशीत बाहेर पडली. बॅटरीवाला धापा टाकत वर आला. "आज लवकर सुटलं?"

"सातवं तुटलंय. सहाच्या खेळाआधी जोडतो," साहेब म्हणाले. चौतीस वर्षांतलं कामावरचं पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बायकोच बोलली. "छान होता सिनेमा. आला बाई शेवटी एकदाचा." आणि वर आणखी एक पोळी वाढली. खाली का आला नाहीत, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यांनी तो विषय काढला नाही.

पण बुधवारच्या तीनच्या खेळाला शंभरेक माणसं होती, आणि तीही गावातच राहणारी. सलूनमध्ये नवंच रणकंदन माजलं. "निघून जाते? कोण निघून जाते? तो आला आणि संपला!" "तुम्ही झोपला होतात!" "झोपला असाल तुम्ही!" आधी बाई चूक की बरोबर एवढंच भांडण होतं, आता बाई गेली की नाही यावरच हातघाई. मॅनेजर खूश. लोक पुन्हा तिकीट काढून खात्री करून घ्यायला येऊ लागले.

आणि एका सकाळी साहेबांना जिन्यातून आवाज आले. समोरच्या बिऱ्हाडातली शिक्षिका त्यांच्या बायकोला म्हणत होती, "अहो वहिनी, ती बॅग घेऊन जाते हो! सगळं गाव सांगतंय."

"नाही," बायको म्हणाली. "तो येतो, ती हसते. तिथंच संपतो."

"तुमचे यजमान ऑपरेटर, आणि तुम्हालाच शेवट ठाऊक नाही म्हणजे कमाल झाली!"

शिक्षिका हसली. आणखी दोघी हसल्या. साहेब अंथरुणात उठून बसले. आपल्या भित्रेपणापायी आपल्या बायकोचं चारचौघींत हसं होतंय, हे त्यांना असं लागलं की त्यांनी उशीवर मूठ आपटली. स्वतःचीच लाज वाटली त्यांना.

रविवारी सकाळी दहाला त्यांनी बॅटरीवाल्याकडून थिएटर उघडून घेतलं आणि बायकोला बरोबर नेलं. वाटेत सांगून टाकलं, "शेवटचं रीळ मी दाखवलंच नव्हतं तुला. आज दाखवतो." ती नुसती चालत राहिली.

रिकामा हॉल. ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली. त्यांनी वर जाऊन सातवं चढवलं, चालू केलं आणि जिना उतरले. धावतच उतरले. अंधारात खुर्च्यांना हात लावत नवव्या रांगेशी पोचले. शेजारच्या खुर्चीवर पर्स होती. ते वाकले, तशी ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "येताहेत."

"अगं, मीच आहे," साहेब म्हणाले.

ती दचकली. मग घाईनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

चौतीस वर्षांत ते पहिल्यांदाच तिच्याशेजारी बसले होते. पडद्यावर बाईनं जेवण वाढलं, किल्ल्या दाखवल्या. नळाकडे वळायच्या आधीच साहेबांची बायको हलक्या आवाजात म्हणाली, "आता नळ."

त्यांनी मान वळवली. "तू पाहिलायस?"

"पहिल्याच दिवशी. मागच्या रांगेत बसले होते. बॅटरीवाल्याला सांगितलं होतं, वर जाऊन सांगू नका म्हणून."

"मग जिन्यात त्या बायकांशी वाद कशाला घातलास? हसल्या त्या तुला."

"तुम्ही माझ्यासाठी तिथं संपवलात ना सिनेमा? मग मी म्हटलं, संपला." पर्सचा बंद ओढत ती म्हणाली, "शेवट काढलात त्याचं काही नाही हो. पण बुधवारी फाटक उघडलं आणि मी पर्स उचलून ठेवली. म्हटलं, आता शेवटचं रीळ लागेल, येतील. आणि दिवे लागले."

पडद्यावर बाई बॅग उचलत होती. सगळं गाव ज्यावरून भांडत होतं ते त्यांनी अखेर विचारलं, "तिनं केलं ते बरोबर का?"

"ते मला कळत नाही. पण नळबिळ दाखवत बसली ते मला नाही पटलं. मी नसतं दाखवलं." ती थोडीशी हसली. मग खुर्चीत जराशी कडेला सरकली. "रागावू नका, पण तुम्ही असे शेजारी बसलात की अवघडल्यासारखं होतंय मला. सवयच राहिली नाही. मी लेकीकडे जाते राहायला. तिला कळवलंय."

"किती दिवस?"

ती पडद्याकडे बघत राहिली. रीळ संपलं. पडदा लख्ख पांढरा पडला आणि वर मशीनमध्ये फिल्मचं सुटं टोक फडफडायला लागलं. तीच म्हणाली, "उठा, पडदा पांढरा पडलाय."

"पडू दे," साहेब म्हणाले, आणि तसेच बसून राहिले. ती पर्स मांडीवर धरून बसली होती. त्या उजेडात तिचा चेहरा त्यांना नीट दिसला, किती थकलाय तो, आणि हे आपण आज बघतोय यानं त्यांना भरून आलं.

ती मंगळवारी गेली. बुधवारी सकाळी ते चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तर फळीवरच्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली. केबिनमध्ये रिळांच्या डब्यांवर ते आकडे घालून लावायचे, तीच पट्टी. तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: साखर. मीठ. चहा. "मी नसतं दाखवलं," म्हणाली होती. फिल्मचा दोन बोटांचा तुकडा बघून सिनेमा ओळखणारा हा माणूस स्वतःच्या घरातला साखरेचा डबा वाचून उघडत होता. ओट्याला धरून ते लहान मुलासारखे रडले.

मग ते मॅनेजरकडे गेले आणि आयुष्यातली पहिली हक्काची रजा मागितली, एका खेळाची. मॅनेजरनं बदलीचा ऑपरेटर बोलावला. तीनच्या खेळाला साहेब तिकीट काढून नवव्या रांगेत गेले, कडेची खुर्ची सोडून आतल्या खुर्चीवर बसले, आणि कडेच्या खुर्चीवर त्यांनी आपली कापडी पिशवी ठेवली.

गर्दी चांगलीच होती. दिवे मालवता मालवता एक बाई रांगेशी आली आणि पिशवीकडे बोट दाखवून विचारू लागली, "इथं कुणी आहे का हो?"

"येतेय," साहेब म्हणाले.